पंख्याने वीज वाचली का, हे गिऱ्हाइकाला कधी आणि कसं विचारावं?

काउंटरवाली, बार्शी

नमस्कार. बार्शीत आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलेलं. ते थकल्यावर २०११ पासून काउंटरला मी उभी राहते. वर्षभर वायर, बोर्ड, मोटारीचे स्टार्टर आणि शिवरात्र झाली की पंखे. प्रश्न पंख्यांचाच आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

गेल्या जूनमध्ये एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. त्यांनी मार्चअखेर माझ्याकडून चार बीएलडीसी पंखे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे पंखे, नेले होते. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० वॅट, म्हणजे निम्म्याहून कमी वीज, हे मीच त्यांना कागदावर लिहून दाखवलं होतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून दोन बिलं काढली आणि काचेवर पसरली. मार्चचे युनिट १४२, मेचे १८८. म्हणाले, "पोरी, पंखे बदलून युनिट वाढले कसे, एवढं मला समजावून सांग." ते भांडायला आले नव्हते. त्यांना हिशेब समजून घ्यायचा होता आणि मला तो सांगता आला नाही. "उन्हाळा आहे ना गुरुजी," असं काहीतरी बोलले. ते बरं म्हणून गेले. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही, कारण गावातली निम्मी माणसं डब्यावरचं वाचून पंखा घेत नाहीत, मी काय सांगते त्यावर घेतात.

आता दुसरी बाजू. पंखा बसवायला कंपनीचा माणूस येतो. काम झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एक लिंक येते. माणूस वेळेवर आला का, नीट बोलला का, काम झाल्यावर जागा साफ केली का, आमचा पंखा तुम्ही मित्राला सुचवाल का, असे प्रश्न. तो माणूस स्टुलावरून उतरायच्या आत सांगतो, "काका, पाचही तारे दाबा, नाहीतर माझे पैसे कापतात." गिऱ्हाईक दाबतं. दिवाळीआधी कंपनीचे साहेब आले आणि आमच्या भागातलं समाधान पाचपैकी ४.७ आहे म्हणून मला पेढे देऊन गेले. मी गुरुजींचं नाव शोधायला लावलं. त्यांनीही पाच तारे दिलेले होते. पंखा लागला त्या दुपारी. आवाज नाही, रिमोट चालतो, माणूस चांगला बोलला, मग ते दुसरं काय देणार? बिल यायला अजून महिना होता.

तिसरी गोष्ट डब्याची. डब्यावर मोठ्या अक्षरात "६५% वीजबचत". खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की ही तुलना ८० वॅटच्या पंख्याशी आहे. पण छताच्या पंख्यांना वीजबचतीचं सरकारी तारांकन (जितके तारे जास्त, तितकी वीज कमी) सक्तीचं झालं १ जानेवारी २०२३ पासून. तेव्हापासून माझ्या दुकानात ८० वॅटचा नवा पंखा येतच नाही. सगळ्यात स्वस्त एक तारा पंखा घेतला तरी तो ५२ वॅटच्या आसपास बसतो. त्याच्याशी तुलना केली तर २८ वॅटच्या पंख्याची बचत ४६ टक्के होते. हीसुद्धा मोठीच आहे. मग तीच का छापत नाहीत?

माझ्याकडे एक रजिस्टर आहे. नाव, गाव, मॉडेल, तारीख, फोन. दोन वर्षांत असे पंखे नेलेली दोनशेच्या वर घरं त्यात आहेत. मला या लोकांना फोन करून खरं काय झालं ते विचारायचं आहे. पण मीच विकलेला पंखा कसा आहे हे मीच विचारलं तर "चांगलाय की वहिनी" याच्यापलीकडे कोण बोलणार? काय विचारू, कधी विचारू, आणि उद्या काउंटरवर काय सांगू म्हणजे ते खोटं ठरणार नाही? ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपया लिहावं.

निवृत्त अभियंता, सातारा

ताई, गुरुजींच्या बिलापासून सुरुवात करतो.

मार्चची तुलना मेशी करायची नसते. मेची करायची ती मागच्या वर्षीच्या मेशी. त्यासाठी जुनी बिलं शोधायला नकोत, महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. गुरुजींच्या घरात मेमध्ये कूलर चालू असणार. १८० वॅटचा कूलर दिवसाला १० तास म्हणजे महिन्याला ५४ युनिट. तुमची ४६ युनिटांची वाढ एवढ्यातच भरून निघाली. पंख्याची बचत कुठं गेली? ती आहे. एक पंखा १२ तास धरला तर ४५ वॅटच्या फरकाने महिन्याला १६ युनिट वाचतात. मात्र चार पंखे लावले म्हणून चौपट वाचत नाही. घरात माणसं ज्या खोलीत असतात तिथलाच पंखा फिरतो. दोन पंख्यांचे ३२ युनिट धरा. म्हणजे पंखे बदलले नसते तर १८८ च्या जागी २२० आले असते. जे बिल आलंच नाही ते माणसाला दिसत नाही, सगळी अडचण इथं आहे.

दुसरं, पैशाचं. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे आहेत आणि १०० च्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. बचत नेहमी वरच्या टोकातून होते. त्यामुळे १८० युनिटवाल्याला वाचलेलं युनिट साधारण ११ रुपयांचं पडतं, आणि ७० युनिटवाल्याला तेच युनिट सहाएक रुपयांचं. तोच पंखा, तेवढेच तास, पण एकाची बचत दुसऱ्याच्या दुप्पट. दर बदलत राहतात, म्हणून हिशेब करताना समोरच्याच्या बिलावरचा आकडा घ्या.

आता खात्रीचा उपाय. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचीही पिन काढा, फक्त एक पंखा पूर्ण वेगाने ठेवा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. ७५ वॅटचा पंखा ४० वेळा लुकलुकवेल, ३० वॅटचा १६ वेळा. त्यात ना कंपनीवर विश्वास ठेवायचा, ना दुकानदारावर. नोकरीत असताना बिलाची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी लोकांना मी हे करायला लावलं आहे. दिवे मोजून झाले की माणूस शांत होतो, कारण त्याने ते स्वतः मोजलेले असतात.

एलईडी बल्बची आठवण सांगतो. उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. त्या आधी, २०१४ च्या सुरुवातीला, सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. आमच्या कार्यालयाच्या दारात टेबल टाकून बल्ब वाटले. कुणी वॅटचा हिशेब विचारला नाही. किंमत परवडली आणि तीन वर्षांत गेला तर बदलून मिळेल हे लिहून दिलं, एवढं लोकांना पुरलं. पंख्याचं तसं झालेलं नाही. पंख्याला अजून १२०० रुपये जास्त मोजावे लागतात, म्हणून लोक हिशेब मागतात. ते मागतात तेच बरोबर आहे.

कार्डवाला, लातूर

ताई, तुम्ही कधी विचारू म्हणता. मी सांगतो, तिसऱ्या पावसाळ्यानंतर विचारा.

वीस वर्षं वायंडिंग करतोय. साधा पंखा माझ्याकडं आला की दोनच गोष्टी. कंडेन्सर गेला असंल तर अडीचचा कंडेन्सर टाकला, पन्नास-साठ रुपये, दहा मिनिटांत गिऱ्हाईक पंखा घेऊन घरी. वायंडिंग जळालं असंल तर दोन दिवस. बीएलडीसीचं तसं नाही. मोटार ठणठणीत असती, कार्ड जातं, म्हणजे मोटार चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. वीज येती-जाती, व्होल्टेज वर-खाली होतं, एखादा कडाक्याचा वीजपाऊस झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तीन-चार कार्डं. एका कंपनीचं कार्ड दुसरीला बसत नाही. त्याच कंपनीचं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल असलं तरी बसत नाही. नवीन कार्ड पाचशेपासून आठशेपर्यंत, आणि तेबी मिळालं तर. लोक वैतागून म्हणतात, "राहू दे, साधा दे." मग वाचलेली वीज सगळी पाण्यात. कंपनीच्या कागदावर मात्र तो माणूस अजून पाच तारे दिलेलाच आहे.

आणि एक चूक सगळीकडं दिसती. जुना रेग्युलेटर बोर्डात तसाच ठेवतात. या पंख्याला रेग्युलेटर नको, सरळ वायर द्यायची असती. डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? रेग्युलेटर तीनवर ठेवून रिमोटनं पंखा चालवला की कार्डाचं आयुष्य संपलंच समजा. तुमच्या दोनशे घरांत हा एक प्रश्न जरूर विचारा: बोर्डावर गोल बटण अजून आहे का?

मी या पंख्याच्या विरोधात नाही, हे बी लिहून ठेवतो. माझ्या स्वतःच्या घरी पाच आहेत. इन्व्हर्टरवर जिथं दोन साधे पंखे चालायचे तिथं हे पाच चालतात. आमच्याकडं लोकांनी घेतले ते त्यासाठी. बिलासाठी घेतलेले मला फार कमी भेटले.

भाडेकरू, पंढरपूर

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आम्ही भाड्याने राहतो. पंखे घरमालकांचे, बिल आमचं. मालक सगळ्यात स्वस्त पंखा लावून देतात, त्यांचं त्यात काहीच जात नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पैशाने एक बीएलडीसी घेतला तो सासूबाईंच्या खोलीसाठी. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री थंडी वाजली की उठून बटणापर्यंत जाणं होत नाही, म्हणून रिमोटचा. घर बदललं तेव्हा तो उतरवून बरोबर आणला. वीज किती वाचते हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मी पाहिलंही नाही. ताई, तुमच्या यादीत "घर स्वतःचं की भाड्याचं" हेही असू द्या.

मार्केटिंग शिकवते, पुणे

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी महाविद्यालयात ग्राहकवर्तन शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून दरवर्षी प्रश्नावल्या करून घेते. तुमच्या साहेबांनी पेढे वाटले तो ४.७ हा आकडा खोटा नाही. तो बसवणाऱ्या माणसाच्या वागणुकीचा आकडा आहे. पुढे तो पंख्याच्या गुणवत्तेचा म्हणून वापरला जातो, ही चूक आहे. तुम्ही ती नेमकी पकडलीत.

वीज ही अशी वस्तू आहे की तिचा वापर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोकांचा अंदाज चुकतो. शहजीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५०५ लोकांना वेगवेगळ्या उपकरणांचा वापर आणि बचत अंदाजाने सांगायला लावली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी सरासरी २.८ पट कमी अंदाज केला. लहान उपकरणांचा वापर थोडा फुगवून सांगितला आणि मोठ्या उपकरणांचा फारच कमी. वीज कशी वाचवाल असं विचारल्यावर जास्त लोकांनी दिवे बंद करण्यासारखे उपाय सांगितले, चांगलं उपकरण घेण्याचं कमी जणांनी. गुरुजींना पंखे आठवले, कूलर आठवला नाही, हे त्याच जातीचं आहे.

आणखी जुना अभ्यास जेरी हाउसमन यांचा, १९७९ चा, एसीच्या खरेदीवरचा. लोक आज जास्त पैसे देऊन उद्याची वीज वाचवायला किती तयार असतात हे त्यांनी किमतींवरून काढलं. भविष्यातल्या बचतीला लोक वर्षाला सुमारे २० टक्क्यांनी सूट लावतात असं निघालं, आणि उत्पन्न जितकं कमी तितकी ही सूट जास्त. सोप्या भाषेत, ज्याच्या हातात आज पैसे कमी आहेत त्याला पुढच्या वर्षी वाचणारे हजार रुपये आज फार थोडे वाटतात. यात त्याचं अज्ञान नाही. त्याला आज शाळेची फी भरायची असते. म्हणून "लोकांना कळत नाही" असं कुणी म्हटलं की मी माझ्या वर्गात त्यांना थांबवते.

आता तुमच्या फोनबद्दल. "वीज वाचते का?" असं विचारूच नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. जे घडलं ते विचारा. काल रात्री कोणत्या खोलीत पंखा चालू होता? कितीवर होता? बिल हाताशी आहे का, असेल तर युनिटचा आकडा वाचून दाखवाल का? आकडा वाचताना माणूस तुम्हाला खूश करायला जात नाही. फोन तुम्ही न करता दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, एखाद्या भाचीला, शेजारच्या कॉलेजच्या मुलीला. तिने "दुकानातून" असं सांगावं, ते लपवू नये, पण तिला तक्रार सांगायला लोकांना संकोच होणार नाही. सुरुवातच "काय त्रास झाला ते आधी सांगा" अशी करावी.

रजिस्टरमधली ओळखीची नावं निवडू नका. दर पाचवं नाव घ्या, जे येईल ते. फोन न उचलणाऱ्यांची वेगळी खूण करा आणि तीन वेळा प्रयत्न करा, कारण नाराज माणूस बहुधा त्यांच्यातच सापडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच महिन्यांत साधा पंखा नेलेली तेवढीच घरं घ्या. त्यांनाही तेच प्रश्न. तुलनेला दुसरं कुणी नसेल तर उन्हाळा, पाहुणे, कूलर सगळं पंख्याच्याच माथी येईल.

पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटाने महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात घरांमध्ये प्रत्यक्ष मोजणीची यंत्रं बसवून वीजवापराचा अभ्यास केला आहे. तुमच्याकडे यंत्रं नाहीत, पण साताऱ्याच्या काकांनी लाल दिव्याची जी युक्ती सांगितली ती त्याच वाटेवरची आहे. दहा घरांत जरी मोजलीत तरी मला ते विद्यार्थ्यांना दाखवायला आवडेल.

एक कायद्याचं. ऑनलाइन मतांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. मतं कशी गोळा करावीत, तपासावीत, छापावीत हे त्यात आहे, आणि पैसे देऊन मिळवलेली मतं छापू नयेत असंही. ते पाळणं ऐच्छिक ठेवलं आहे. पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरात तुलना दडवणं मला तरी त्या तत्त्वांच्या हेतूविरुद्ध वाटतं. गिऱ्हाइकाला तक्रार करायची असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक तुमच्या काचेवर लावून ठेवा.

कोल्हापूरची, सध्या श्टुटगार्ट

इकडचा अनुभव सांगते, ताऱ्यांच्या बाबतीत उपयोगी पडेल. युरोपात उपकरणांवर वीजवापराची अक्षरं असतात, ए सगळ्यात चांगलं. वस्तू सुधारत गेल्या तशी ए च्या पुढे अधिकची (+) चिन्हं लावत गेले, तीन अधिकपर्यंत. मग दुकानात सगळंच ए, ग्राहकाला फरक कळेना. हाइन्झले आणि व्युस्टनहागन यांनी २०१२ मध्ये टीव्हीवर अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकच्या चिन्हांमुळे लोक वीजवापराला आधीपेक्षा कमी महत्त्व देऊ लागले, असं त्यातून दिसलं. शेवटी १ मार्च २०२१ पासून फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांची पाटी पुन्हा साध्या ए ते जी वर आणली. आमच्या जुन्या फ्रिजवर तीन अधिक होते. तो मोडल्यावर २०२२ मध्ये नवा घ्यायला गेलो तर दुकानात बहुतेक ई आणि एफ. नवरा म्हणाला, ही सगळी भिकार मशीनं दिसतात. विक्रेत्या बाईंनी दहा मिनिटं घालवून समजावलं की मशीन तेच, पट्टी बदलली.

भारतातही पट्टी सरकते. जुलै २०२२ मध्ये एसीचं कोष्टक कडक झालं, तेव्हा आधीचा पाच तारे एसी चार ताऱ्यांवर आला. म्हणून ताऱ्यांबरोबर पाटीवरचं वर्ष बघायला सांगा. पंख्यात ताऱ्यांपेक्षा सर्व्हिस व्हॅल्यूचा आकडा बघणं बरं. मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॅट. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला ४ म्हणजे एक तारा आणि ६ म्हणजे पाच तारे, असं सक्तीच्या वेळचं कोष्टक होतं. सहा आणि आठ, दोन्ही पाच तारेच, पण फरक मोठा आहे.

आणि लातूरच्या दादांच्या मुद्द्यावर: जून २०२५ पासून इकडे स्मार्टफोन आणि टॅबलेटच्या पाटीवर वीजवापराबरोबर दुरुस्ती किती सोपी याचाही दर्जा छापावा लागतो. पंख्याच्या कार्डाला असं काही असतं तर किती बरं झालं असतं.

काउंटरवाली, बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं दोनदा वाचली, मग रविवारी दुकान बंद करून गुरुजींच्या घरी गेले. भाचीलाही नेलं.

आधी लाल दिवा. त्यांच्याही मीटरवर ३२००. गुरुजींनी स्वतः घड्याळ हातात घेतलं, शाळेत घंटा द्यायचे तसे "सुरू" म्हणाले. हॉलमधल्या पंख्याचे दहा मिनिटांत १७ झाले. भाचीने गुणाकार करून सांगितलं, ३२ वॅटच्या आसपास. गुरुजींनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा १७. त्यांचा चेहरा खुलला आणि माझ्या जिवात जीव आला, कारण मी सांगितलेलं खोटं नव्हतं.

मग भाचीने सहज विचारलं, "जुने चार पंखे कुठं गेले?" गुरुजी म्हणाले, "टाकून कसे देणार, चालू होते की." एक पडवीत लावलाय, एक मागच्या खोलीत. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिची उठबस त्याच मागच्या खोलीत. म्हणजे एप्रिल-मेमध्ये घरात चारच्या जागी सहा पंखे फिरत होते, त्यातले दोन ७५ वॅटचे, आणि वर कूलर. पंख्याने वीज वाचवली ती घराने पडवीत आणि बाळंतिणीच्या खोलीत वापरली. त्याला मी वाया गेली असं म्हणणार नाही. त्या खोलीत आधी पंखाच नव्हता. पण जुन्या पंख्याचं काय केलंत, हा प्रश्न कंपनीच्या लिंकमध्ये नव्हता आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता.

दादा, तुमचं गोल बटण दोन खोल्यांत सापडलं. मुलाला पाठवून दुसऱ्याच दिवशी सरळ वायर दिली. पैसे घेतले नाहीत, ते माझ्या दुकानाचं काम होतं.

आता फोनवर विचारायचं ते असं ठरवलं आहे. आधी त्रास काय झाला. पंखा कुठल्या खोलीत, काल किती तास, कितीवर. जुन्या पंख्याचं काय केलं. गोल बटण आहे का. कार्ड गेलं का, गेलं तर किती दिवसांनी, कुणी किती पैशात दुरुस्त केलं. घर भाड्याचं की स्वतःचं. घरात इन्व्हर्टर आहे का. आणि बिलावरचा या महिन्याचा आणि मागच्या वर्षीच्या याच महिन्याचा युनिटचा आकडा. फोन भाची करणार. दर पाचवं नाव, आणि तेवढीच साध्या पंख्याची घरं. ताज्या गिऱ्हाइकाला फोन नाही, किमान एक पूर्ण उन्हाळा गेलेला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्यांना कार्डासाठी पुढच्या दिवाळीत पुन्हा एकदा करू.

काउंटरवर काय सांगायचं, त्याचंही ठरलं. आता मी वॅटच्या आधी एकच विचारते: कशाच्या जागी लावणार? जुना ७५ वॅटचा, दिवसभर चालणारा पंखा उतरवणार असाल आणि बिल १०० युनिटच्या वर जात असेल, तर महिन्याला सुमारे १७५ रुपये वाचतात आणि जास्तीचे १२०० रुपये एका उन्हाळ्या-पावसाळ्यात निघतात. नवी खोली बांधलीय, तिथं एक तारा घेऊ की बीएलडीसी, असं असेल तर फरक २४ वॅटचाच. बिल १०० च्या आत असेल तर महिन्याला पन्नासएक रुपये, म्हणजे दोनएक वर्षं लागतात. मध्येच कार्ड गेलं तर आणखी. तिथं मी हट्ट धरत नाही. परवा परांड्याच्या एका बाईंना मी साधा दिला. त्यांचं बिल ६० युनिटचं, पंखा देवघरासमोरच्या खोलीत, संध्याकाळी दोन तास. कंपनीच्या साहेबांना हे आवडणार नाही, पण रजिस्टरमध्ये नाव माझ्या हाताने लिहिलेलं असतं.

६५ टक्क्यांच्या आकड्यावर मी प्रत्येक डब्याला एक चिठ्ठी लावली आहे: "८० वॅटच्या जुन्या पंख्याशी तुलना. नव्या एक तारा पंख्याशी तुलना केल्यास सुमारे ४६%." मॅडम, ही चिठ्ठी कायद्याने चालते ना, तेवढं सांगा.

मार्केटिंग शिकवते, पुणे

खरी तुलना छापील मजकूर न झाकता लावली असेल तर मला त्यात काही गैर दिसत नाही. दोन्ही पंख्यांचे वॅट चिठ्ठीवर लिहा, म्हणजे कुणालाही पडताळता येईल. आणि जुन्या पंख्याचा प्रश्न मी माझ्या पुढच्या प्रश्नावलीत घेते आहे.

कार्डवाला, लातूर

ताई, कार्ड गेलेल्या मॉडेलांची यादी झाली की इथंच टाका. माझ्याकडची मी टाकतो, दोन्ही जुळवून बघू.

काउंटरवाली, बार्शी

टाकते दादा. पहिला फोन वैरागच्या एका घरी, उद्या दुपारी दोनला. जेवणं उरकून लोक टेकलेले असतात आणि पंखा तेव्हा चालूच असतो.